पहिले कोण होतीस, वैनी

वैनी, तुझ्या मयतीत लोक हसले, हे तुला सगळ्यांत आधी सांगायला हवं.

मी तुझ्या उशाशी बसले होते. दादा भिंतीला टेकून होता. तुझी लेक नीमा यवतमाळहून नुकतीच पोचली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा तिनं उतरवली नव्हती. भन्ते यायचे होते. अंगणात गल्लीतली माणसं खाली मान घालून उभी होती. तेवढ्यात समोरच्या घरातून सिंधूकाकू आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. ती आता टाहो फोडणार असं मला वाटलं. ती तुझ्या पायाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय वं काबूलवाली, मी तुले गहू निवडाले बोलावलं अन् तू इथं येऊन झोपली? कामचुकार कुठची."

कोणी हललं नाही. नीमानं माझा हात घट्ट धरला. काकू थांबली नाही. "माहं अख्खं लोनचं खाल्लं हिनं. वरतून म्हने, मीठ जास्त हाय. आता जाऊन राह्यली तिकडं यमाच्या घरचं खाले. त्याले सांगजा बापा, बरनी वरच्या फळीवर ठेव म्हना."

आधी दादा हसला. हुंदका वाटावा असा आवाज निघाला त्याच्या तोंडातून, आणि मग तो खरोखरच हसायला लागला, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. मग नीमा. मग अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावून. आणि त्या हसण्यानंतर जे रडू आलं ना सगळ्यांना, ते तोवर कोणाला येत नव्हतं. पुसदहून आलेले आपले एक पाहुणे मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे काही बरं नाही केलं त्या बाईनं." मी त्यांना म्हटलं, "माझ्या वहिनीनंच तिला सांगून ठेवलं होतं." त्यांना ते पटलं नाही.

तू खरंच सांगून ठेवलं होतंस. तुमच्या मुलखात मयतीला थट्टा करणारं माणूस लागतं, त्याला मतानी म्हणतात. तो घरचा नसतो. तो दुसऱ्या लोकांतला असतो, ज्यांच्याशी कधी काळी भांडणं झाली आणि मग थट्टेचं नातं जडलं, अशांतला. तो येतो, मेलेल्याची नक्कल करतो, घरच्यांना चिडवतो, आणि त्याच्यावर रागवायची कोणालाच मुभा नसते. "सिंधू माही मतानी," तू म्हणायचीस. मला वाटायचं, तुम्हा दोघींचं रोजचं तोंडाला तोंड आहे, त्याला तू एक भारदस्त नाव दिलं आहेस. काकूनं मात्र ते मनावर घेतलं होतं.

*

तू आलीस तेव्हा मी शाळेत नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. लग्न मला करायचं नव्हतं, त्यामुळे या घरात तुझ्या नशिबी नणंद कायमचीच होती. दादा दिग्रसच्या जिनिंगमध्ये फिटर. सरकी आणि रुई वेगळी करायची यंत्रं बसवायला त्याला कोणी तरी टांझानियात नेलं, आणि तो तिथून तुला घेऊन परतला. बसस्टँडवरून रिक्षानं तुम्ही दोघं आलात. तू उंच, डोक्याला रंगीत फडकं बांधलेलं, पाय धुळीनं भरलेले. सिंधूकाकूनं तिच्या ओट्यावरूनच नाव विचारलं. दादा म्हणाला, "काबुला."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मनोहरनं काबूलची बायको आणली. काही दिवस लोक तुला पठाणीणच समजत होते. एका म्हातारीनं तर तुला हिंगाचा भाव विचारला. तू हसून मान डोलवलीस, त्यामुळे तिची खात्रीच पटली.

पण खरा प्रश्न तो नव्हता. खरा प्रश्न सगळे दादाला वेगळं गाठून विचारत होते, कोन जातीची हाय? बाबांनी तो सरळ तुझ्यासमोर विचारला, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं.

"हे लोक कोन हायेत?"

"सुकुमा," दादा म्हणाला.

"म्हंजे काय?"

दादालाही ते ठाऊक नव्हतं. त्यानं तुला तुझ्या भाषेत विचारलं. तू जरा विचार केलास, मग हात उचलून मागच्या दाराकडे दाखवलंस. आमचं मागचं दार उत्तरेला.

"मी लोक पुसून राह्यलो, दिशा नाई," बाबा म्हणाले.

दादानं पुन्हा विचारलं. तू पुन्हा मागच्या दाराकडेच हात केलास, या वेळी जरा जोरात, जणू म्हातारा बहिरा आहे.

त्या दिवशी ते तिथंच राहिलं. बाबांनी तुला ज्वारीची भाकर वाढायला सांगितली आणि तू ती ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघितलीस. तुमच्याकडेही ज्वारी पिकते हे आम्हाला तेव्हा कळलं. कापूस तर तू लहानपणापासून वेचलेला. पहिल्याच हंगामात तू शेजारणींबरोबर वेचायला गेलीस आणि परत आल्यावर काकू माझ्याजवळ कुरकुरली, "हे बाई तं आमच्याहून जोरात वेचते. कोठी शिकली?"

तू मराठी माझ्याकडून शिकलीस असं दादा लोकांना सांगायचा. ते खोटं आहे. मी तुला 'मला-तुला' शिकवायचे आणि तू गल्लीतून 'मले-तुले' घेऊन यायचीस. दोन-तीन वर्षांत तू अशी वऱ्हाडी बोलायला लागलीस की डोळे मिटून ऐकलं तर ही बाई दारव्ह्याची का दिग्रसची एवढाच प्रश्न पडावा. तेव्हा कधी तरी एका दुपारी, अंगणात तुरी पाखडताना, तू बाबांना त्या दिवशीचं उत्तर दिलंस.

"सुकुमा म्हंजे उत्तर दिशाच होते, बाबा. आमच्या दक्षिनेचे लोक आमाले म्हनत, ते तिकडचे, उत्तरेचे. आमी सोताले तसं काई म्हनत नोतो. राजा कोन, कूळ कोनतं, एवढंच. मंग आमचे लोक ओझी घेऊन समुद्रापावतर जाले लागले. तिथले लोक पुसत, कोन तुमी? तव्हा रस्त्यावर नाव भेटलं."

"अन् मंग?"

"मंग साहेब आला. त्यानं साऱ्या राजाईले एका जागी बसवलं, तव्हा ते नाव पक्कं झालं. माह्या आज्याच्या आज्याले पुसलं असतं, तू सुकुमा काय, तं थो म्हनला असता, नाई बापा, सुकुमा तिकडं ऱ्हायतेत, अजून उत्तरेले."

बाबांना ते फार आवडलं. त्यांनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाले, "म्हंजे दुसऱ्यानं देल्लं नाव. आमचंही जुनं नाव दुसऱ्यानंच देल्लं होतं. हे आताचं आमी सोता घेतलं."

बाबांनी तरुणपणी धम्माची दीक्षा घेतली हे तुला माहीत होतं. पण तो दिवस ते कधी कोणाला फारसा सांगत नसत. तुला सांगितला. सकाळी घरातून निघालेला माणूस वेगळा आणि परत आलेला वेगळा, असं म्हणाले. गाव ज्या नावानं हाक मारायचं ते नाव त्यांनी तिथंच सोडलं, आणि परत या घरात कोणाला उच्चारू दिलं नाही. तू सूप खाली ठेवून ऐकत होतीस. "एका दिवसात?" तू विचारलंस. "आमाले तं तीन पिढ्या लागल्या."

बाबा हसले. सून म्हणून त्यांनी तुला त्या दुपारी पत्करलं, असं मी समजते. तोपर्यंत तू दादाची बायको होतीस.

*

आता आपल्या भांडणाबद्दल. ते मिटलं नाही आणि मिटणारही नव्हतं, तरी त्याच्याशिवाय तुझ्याशी बोलणं पुरं व्हायचं नाही.

नीमा माझ्याच शाळेत चौथीत होती. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत एका पोरीनं तिला विचारलं, "तुमी कोन?" मी जवळच उभी होते. नीमा म्हणाली, "आबाजीजवळ मी बौद्ध. आईजवळ सुकुमा. शाळेत नीमा." ती पोरगी खिचडी घेऊन निघून गेली. मी मात्र दिवसभर अस्वस्थ होते. घरी आल्या आल्या तुला म्हटलं, "पोरीला असं मोघम शिकवू नकोस. तिला एक शब्द पक्का पाहिजे."

"काहून?" तू विचारलंस.

"कारण लोक विचारतात तेव्हा त्यांना दुसरंच काही तरी हवं असतं. ते म्हणतात, बौद्ध का, बरं, मग पहिले कोण होते तुम्ही? आयुष्यभर मला तो प्रश्न विचारलाय लोकांनी. वर्गखोलीत, एसटीत, भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा. आमच्या बापानं जे नाव मिळवलं ते आम्ही घट्ट धरून ठेवलंय म्हणून ते आहे. नीमानं तीन-तीन नावं सांगितली तर लोक म्हणतील, हिचं एकही खरं नाही. आणि मग तेच जुनं काढतील वर."

तू भाकर थापत होतीस. थापत राहिलीस. मग तव्यावर टाकून हात पुसलेस आणि म्हणालीस, "बाई, मी तुह्या बापाचं नाव घेऊन नाई राह्यली तिच्याकडून. दुसरंही असू दे म्हनते."

"दोन्ही हातांत दोन धरली की कोणतंच घट्ट धरता येत नाही."

त्यावर तू मला जे सांगितलंस ते मी विसरले नाही. तुमच्या मुलखाच्या पश्चिमेच्या देशात दोन नावांचे लोक राहायचे. भाषा एक, जेवण एक, डोंगरही तेच. पूर्वी एका नावाचा माणूस गाई वाढल्या की दुसऱ्या नावाचा होऊ शकायचा, गाई गेल्या की परतही यायचा. मग साहेबानं प्रत्येकाच्या ओळखपत्रावर नाव लिहून टाकलं, आणि ते नाव बदलणं बंद झालं. तुझ्या तरुणपणी तिथं ओळखपत्रावरचं नाव बघून माणसं कापली गेली, आणि त्यातून पळालेली तुमच्या बाजूला आली. त्यांतल्या एका बाईला तुम्ही घरात ठेवून घेतलं होतं. ती कितीही तहान लागली तरी आधी दार लागलंय का बघायची, मग पाणी प्यायची.

"तिचं नाव लई पक्कं होतं, बाई," तू म्हणालीस.

तू चूक नव्हतीस. पण मीही नव्हते. तुला भीती वाटत होती की नाव फार घट्ट झालं तर त्याचा सुरा होतो. मला भीती वाटत होती की नाव सैल पडलं तर कोणीही येऊन ते काढून नेतं. आपण दोघी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होतो. त्यानंतर कितीदा तरी ते भांडण निघालं, नीमाच्या कॉलेजात नाव घालताना, तिच्यासाठी स्थळ आलं तेव्हा, आणि एकदा तर बाजारात वांगी घेताना. वांगीवाली आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती आणि शेवटी म्हणाली, "बाई, घ्याचे असन तं घ्या."

*

बाबा गेल्यावर तू मला तुझ्या माहेरी नेलंस. उन्हाळ्याची सुट्टी होती. दादा म्हणाला, तुम्ही दोघी जा, मी कितीदा गेलोय.

दार-एस-सलामच्या बसस्टँडवर एक माणूस तुझ्यावर ओरडायला लागला तेव्हा माझी घाबरगुंडी उडाली. तू त्याला तुझ्या गावाकडची, शिन्यांगाची बस विचारली होतीस, तुझ्या बोलण्यावरून त्यानं तुला ओळखलं, आणि तुझी बॅग ओढून घेतली. तूही ओरडलीस. दोघंही हातवारे करून भांडायला लागलात. मी पोलीस कुठं दिसतो का ते बघत होते. मग एकाएकी तुम्ही दोघंही हसायला लागलात, त्यानं तुझी बॅग डोक्यावर घेतली, माझीही घेतली, आणि आपल्याला बसपर्यंत सोडून शिवाय बसायला चांगली जागा करून दिली.

"काय म्हणत होता तो?" मी विचारलं.

"म्हने, सुकुमा लोक गाईसंगच झोपतेत, बसमंदी कायले बसता, गाईवर बसून जा. मी म्हनलं, तुह्या आज्यानं माह्या आज्याचं मीठ चोरलं होतं, थे दे पहिले."

समुद्राकाठचे ते लोक तुमचे मतानी. पूर्वी ओझी घेऊन आलेल्या तुमच्या माणसांशी त्यांची मारामारी व्हायची. आता फक्त शिव्या उरल्यात, आणि त्या शिव्या म्हणजे पाहुणचार.

तुझ्या गावी मोठमोठे खडक होते, घरांपेक्षा उंच, आणि त्यांच्या सावलीत गाई. तुझी बहीण मिलेंबे मला बघून आधी माझ्या केसांना हात लावून बघत राहिली, मग तिनं मला जेवायला बसवलं आणि मी उठू म्हटलं तरी उठू दिलं नाही. तिथंच तू मला नवं नाव दिलंस. नणंदेला तुमच्या स्वाहिलीत वीफी म्हणतात. भावजयीलाही वीफीच. दोघींना एकच शब्द, म्हणजे कोणी कोणाचं ऐकून घ्यायचं हा प्रश्नच मिटला. इंग्रजीत लिहिलं की तेच वायफाय होतं, म्हणून परत आल्यावर नीमा चिडवायची, "आई, आत्याचं वायफाय आज चालू आहे का बंद?"

तिथल्या एका संध्याकाळी तुझा आतेभाऊ आला. उंच, बोलका माणूस. सगळे बाहेर बसले होते. तो तुझ्याकडे बोट दाखवून काही तरी म्हणाला आणि सगळे खदखदून हसले, तूही. मी अर्थ विचारला.

"थो म्हन्ते, इच्यापासून गाई लपवा. इची आजी तातुरू होती, गाईचोर."

मला धक्का बसला. तुझी आजी सुकुमा नव्हती? तू अगदी सहज सांगितलंस. दुष्काळात तातुरू लोकांतली एक पोरगी आपल्या माणसांपासून सुटली आणि तुमच्या गावात आली. भाषा पूर्ण वेगळी, एकही शब्द जुळायचा नाही. ती इथंच वाढली, इथंच लग्न झालं, सुकुमा झाली. फक्त गाईंना हाक मारायची ती शेवटपर्यंत तातुरूत. तिच्या मयतीत तुमच्या कुळाचे सगळे विधी झाले. गावातली अर्धी घरं अशीच. कोणाचा आजा तळ्यापलीकडून आलेला, कोणाची आजी युद्धात सापडलेली.

"आणि कोणी विचारत नाही, पहिले कोण होते म्हणून?"

"पुसतेत ना. आताच पुसलं त्यानं."

"हसत विचारलं."

"हाव. हसत."

मग तुला म्हटलं, आणि हे आजही मी म्हणते, "वैनी, ज्याच्या मानेवर कोणाचा पाय नाही त्याला हसता येतं. आमच्याकडे तो प्रश्न हसत विचारत नाहीत. विचारणाऱ्याला पाण्याचा ग्लास वेगळा ठेवायचा का ते ठरवायचं असतं."

तू माझ्याकडे बघितलंस. नेहमीसारखं उलट उत्तर दिलं नाहीस. खडकाआड सूर्य गेला होता आणि मिलेंबे वासरांना आत घेत होती. तू म्हणालीस, "हे बरोबर हाय, बाई." एवढंच. आपल्या सगळ्या भांडणात तू माझं मान्य केलेलं हे एकच वाक्य, आणि त्यानं मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. कोणी तरी माझ्या बाजूला येऊन बसलं, असं वाटलं.

*

आता मी तुझ्यापासून लपवून ठेवलेली गोष्ट सांगते. ती सांगितली असती तर तू महिनाभर मिरवली असतीस, म्हणून सांगितली नाही.

निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी शाळेत एक नवे गुरुजी आले, मुकुटबनकडचे, शेतकरी घरातले. डबा खाताना त्यांनी मला आडनाव विचारलं, मग गाव, मग म्हणाले, "म्हणजे बौद्ध. बरं, पण पहिले तुम्ही कोण?" माझा घास हातात होता. पूर्वी मी अशा वेळी डबा बंद करून उठायचे. त्या दिवशी मला तुझा आतेभाऊ आठवला, तुझी गाईचोर आजी आठवली. मी म्हटलं, "सर, पहिले सगळेच कोणी तरी होते. तुमचं सांगा आधी. तुम्ही कोण होता?"

ते गांगरले. मग खरंच विचार करायला लागले. म्हणाले, "आमचे पणजोबा तेलंगणातून आले म्हणतात. घरात तेलुगू बोलायचे. आडनावही तिकडचंच होतं. इथं जमीन घेतली, इथल्यांशी सोयरिकी झाल्या, मग आम्ही इथले झालो." जरा थांबून म्हणाले, "माझी आजी मोजायची तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू." आणि ते स्वतःच हसले. असं काही त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी माझा प्रश्न टाळला नाही आणि त्यांचा प्रश्न पुन्हा विचारलाही नाही. नंतर रोज डबा बरोबर खायचो आम्ही. सगळं जग बदललं असं नाही, वैनी. माझी बाजू मी सोडलेली नाही. पण तो प्रश्न माझ्याकडे आला की मी पूर्वी आकसायचे, तेवढी आता आकसत नाही. हे तुझ्यामुळे झालं. तुला कबूल करायचं राहून गेलं.

शेवटी घरी आणण्याआधी तू यवतमाळच्या दवाखान्यात होतीस तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तुला विचारलं, "कोन्या गावच्या?" तू म्हणालीस, "दिग्रसची."

"तसं नाई. मूळच्या कुठल्या?"

"मूळची मी माह्या मायची," तू म्हणालीस, आणि डोळे मिटलेस. त्या बाईला ते उत्तर पुरलं. ती मग तुझ्या मायबद्दलच विचारत बसली, आणि तूही डोळे न उघडता सांगत बसलीस. खडक, गाई, मिलेंबेचे लहानपणचे हट्ट. मी खुर्चीवर बसून ऐकत होते. माझ्या पाहण्यात एवढी निवांत तू फार थोड्या वेळा होतीस.

नीमाला मी परवा विचारलं, आता कोणी तुला विचारलं तर काय सांगतेस? तिच्या बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत गावोगावची माणसं येतात, विचारत असतीलच. ती म्हणाली, "आत्या, ते विचारणाऱ्यावर आहे. ज्याचा डोळा वाकडा दिसतो त्याला बौद्ध म्हणते, ठणकावून. ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्याला बसवते, चहा देते आणि सगळं सांगते." म्हणजे तिनं आपल्या दोघींचंही ऐकलं, आणि आपल्याला काही न विचारता ठरवून टाकलं.

*

दादा ठीक आहे. तुझ्या माणसांशी तो फोनवर सुकुमात बोलतो. त्याचं सुकुमा वाईट असावं, कारण पलीकडचे हसतात, आणि मग तोही हसतो. त्याला जेवण जातं. झोप लागते. सिंधूकाकू रोज काही ना काही आणून देते आणि जाताना त्याला दोन शब्द सुनावून जाते.

काल मिलेंबेचा फोन आला, चेहरा दिसणारा. तिच्या मांडीवर एक तान्ही पोर होती, तिची नात. तू गेलीस त्याच आठवड्यात जन्मली. तुमच्यात जन्माच्या वेळी जे घडत असेल त्यावरून नाव ठेवतात. तू पावसाच्या दिवसांत जन्मलीस म्हणून काबुला. हिच्या जन्माच्या वेळी घरात एकच बोलणं चाललं होतं, बहीण गेली, तिकडे, त्या गावी. तेव्हा त्या गावाचंच नाव ठेवलं.

"काय ठेवलं?" दादानं विचारलं.

मिलेंबेनं सांगितलं. दादाला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर मोकळं करून. "दिगिरासी."

दादा माझ्याकडे वळला. मग मीच फोन घेतला आणि ते नाव मोठ्यानं उच्चारलं, आमच्या पद्धतीनं. पोरीनं डोळे उघडले नाहीत. मिलेंबे हसली आणि तिनं मला माझा उच्चार सुधारून दिला.

ती मोठी होईल, वैनी. तिला लेकरं होतील, नातवंडं होतील. कोणी तरी म्हणेल, हे त्या दिगिरासीच्या घरचे. कोणी तरी विचारेल, हे कसलं नाव, पहिले कुठले तुम्ही? तेव्हा त्यांना जे आठवत असेल ते सांगतील, आणि जे आठवत नसेल ते रचून सांगतील, आणि तिथलं कोणी तरी त्यावर त्यांना चिडवेल.

सध्या ती दूध पिते आणि झोपते.